फोलपट

मठाच्या स्वयंपाकघरात ओंजळभर मका तोंडाशी धरून आना शोको त्यावर हलकेच फुंकर घालत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला. "बघा बाबा, आता तुमच्याच डोळ्यांनी बघा."

दारात दोमिंगो उभा होता. माणूस गावातलाच, पण पाद्रीबाबांनी चर्चचा कारभारी केल्यापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. कमरेला कात्री लटकत होती. रोज मठात येऊन आना शोकोच्याच हातच्या मक्याच्या भाकऱ्या खायचा, आणि आता खाल्ल्या घरचे वासे मोजायला आला होता. त्याच्या मागे पाद्री बेर्नाबे. त्यांना जेवणावरून उठवून आणलेलं दिसत होतं, कारण हातात गव्हाच्या पावाचा तुकडा तसाच होता.

आना शोकोची ओंजळ होती तिथेच थांबली. चुलीवर चुन्याचं पाणी उकळत होतं.

"काय करत होतीस?" बेर्नाबेंनी विचारलं. ते समुद्रापलीकडून आलेले, पण गावची नाहुआत्ल भाषा त्यांना इतकी चांगली येत होती की रागसुद्धा त्याच भाषेत यायचा.

पाट्यावर वाटायला बसलेली सून मार्ता ताडकन उठली. "काही नाही बाबा. फोलपट फुंकून काढत होत्या आत्याबाई."

उत्तर नामी होतं. आना शोकोनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मठातल्या सगळ्यांना जेवायची घाई होती, खोलात शिरायची हौस कुणालाच नव्हती. पण म्हातारीला ते झोंबलं.

"फोलपट? माझ्या मक्यात?" ती म्हणाली. "दोनदा पाखडलाय मी. एक फोलपट काढून दाखवा, आत्ता चूल विझवून टाकते."

मार्तानं कपाळाला हात लावला.

"मग फुंकत कशाला होतीस?" बेर्नाबेंनी विचारलं.

"धीर देत होते त्याला."

"कुणाला?"

"मक्याला. आता त्यानं चुन्यात उकळायचं, मग पाट्यावर रगडून घ्यायचं, मग तव्यावर भाजायचं. भीती नाही वाटणार? म्हणून आधी आपली ऊब द्यायची. भिऊ नकोस, मी आहे, म्हणायचं. मग नीट शिजतो बिचारा."

"ऐकलंत ना?" दोमिंगो म्हणाला. "जुन्या देवांचंच आहे हे सगळं."

"गप रे. तुझी आई काय मक्याला न विचारता भाकऱ्या थापायची? त्याच खाऊन एवढा वाढलास."

दोमिंगो कात्रीशी चाळा करू लागला.

बेर्नाबे मात्र हसले नाहीत. "मक्याला कान नाहीत, आना. आत्मा नाही. इतकी वर्षं सांगतोय मी तुम्हाला. यापुढे करणार नाही म्हण, म्हणजे मी जेवायला मोकळा. नाहीतर रविवारी चर्चच्या अंगणात, सगळ्या गावादेखत, तुझे केस कापावे लागतील."

आना शोकोच्या पांढऱ्या वेण्या कपाळाभोवती गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांची टोकं दोन बाजूंना शिंगांसारखी वर काढलेली होती, लग्न झालेल्या बायकांनी बांधायच्या तशा. ज्याच्या नावानं त्या बांधल्या तो नवरा देवीच्या साथीत गेला होता. जुन्या देवांचं देऊळ पाडलं गेलं, त्याच्याच दगडांचा हा मठ झाला, गावाचं नावही बदललं. वेण्या तेवढ्या होत्या तशा राहिल्या होत्या.

"म्हणा ना, आत्याबाई," मार्ता रडकुंडीला आली. "उद्यापासून नाही करणार म्हणा. तोंडदेखलं का होईना."

म्हातारीनं ओंजळीकडे बघितलं. "यानंच जगवलंय आम्हाला, बाबा. सगळं गेलं तेव्हा हाच मागे राहिला. त्याला एका शब्दानं न विचारता विस्तवावर कसा टाकू? केस काय, कापा. येतील परत. नाही आले तर नाही आले."

बेर्नाबे रागानं वळले. झग्याची बाही दाराच्या खुंटीत अडकली, हाताला हिसका बसला आणि पावाचा तुकडा सुटून चुलीपुढच्या राखेत पडला.

ते झटकन वाकले. तुकडा उचलला, राख पुसली आणि त्याचा मुका घेतला.

विचार करून केलेलं ते नव्हतंच. हात आपोआप गेला, ओठ आपोआप टेकले. मग मात्र ते तसेच उभे राहिले, पाव तोंडाशी धरून.

आना शोको दोन पावलं पुढे आली. "लागलं का त्याला?" तिनं विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच काळजी वाटली होती.

बेर्नाबेंनी पाव तोंडापासून खाली घेतला. "माझी आई..." ते म्हणाले आणि थांबले. "खाली पडला की मुका घ्यायला लावायची. इतकंच."

"शहाणी बाई," आना शोको म्हणाली.

दोमिंगोची चुळबुळ चालली होती. "मग बाबा, रविवारचं काय करायचं? गावात दवंडी देऊ?"

बेर्नाबेंनी हातातल्या पावाकडे बघितलं, मग म्हातारीच्या वेण्यांकडे. "कशाची दवंडी? फोलपट फुंकत होती ती."

आना शोकोच्या नाकपुड्या फुलल्या. तिनं तोंड उघडलंच होतं, पण मार्तानं तिच्या पायावर जोरात पाय दिला. आपल्या मक्याची बदनामी म्हातारीनं जन्मात पहिल्यांदाच मुकाट्यानं गिळली.

मग तिघांच्या देखत तिनं ओंजळ पुन्हा तोंडाशी नेली आणि फुंकर घातली. एकही फोलपट उडालं नाही.