उंबऱ्याबाहेरून

"हे घ्या जी तुमची चाबी," केवळराम म्हणाला आणि पाळकांच्या टेबलावर किल्ली ठेवून दोन पावलं मागं सरला.

चर्चमधली रविवारची उपासना नुकतीच आटोपली होती. पाळकांचा झगा अर्धा उतरला होता, तो तसाच खांद्यावर राहिला. खोली गळते का, घरमालक काही बोलला का, लाइट कापली का, सगळं त्यांनी विचारून पाहिलं. केवळराम नुसती मान हलवत राहिला. खोली चांगली होती. नऊ वर्षं भंडाऱ्याच्या बसस्टँडवर झोपलेला माणूस खोलीला कशाला नावं ठेवणार?

मंडळीनं काही कमी केलं नव्हतं, हे त्यालाही कबूल होतं. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. नव्या वसाहतीत पहिल्याच वर्षी जमुनाबाई, त्याची बायको, गेली. मिळालेलं घर पुतण्याच्या नावावर कधी झालं, ते त्याला कळलंच नाही. मग तो शहरात आला आणि मासळी बाजारात गिऱ्हाइकांचे मासे कापून, खवले काढून देऊ लागला. या चर्चचे लोक दर हिवाळ्यात बसस्टँडवर ब्लँकेटं वाटायचे. यंदा त्यांनी ठरवलं की वाटप पुरे झालं, आता एकेका माणसाला घर करून द्यायचं. पहिला नंबर केवळरामचा लागला. खोली मिळाली, शेगडी मिळाली, आधार कार्डावर पत्तासुद्धा चढला.

पहिल्या रविवारी त्यानं मोठ्या हौसेनं रोहूचा रस्सा केला. चर्च सुटलं की लोक त्याच गल्लीतून घरी जातात. लोक आले, थांबलेही. "बरं आहे ना, केवळरामदादा?" असं रस्त्यावरूनच विचारून पुढं गेले. या जी, बसा, म्हणावं तर कुणाकडे पाहुणे यायचे असत, कुणाचा गुडघा दुखत असे. महिला मंडळाच्या सत्यभामाबाई दर बुधवारी भाजी आणून देत, तीही खिडकीतून. एकदा त्यांना उन्हानं धाप लागली होती. केवळरामनं पाण्याचा गडू पुढं केला, तर राहू द्या म्हणत त्या तशाच निघाल्या.

त्या दिवशी त्याच्या जिवाला फार लागलं. आपल्या अंगाला मासळीचा वास येतो, म्हणून हे लोक आत येत नाहीत, असं त्यानं धरून ठेवलं. मग त्यानं खोली फिनाइलनं पुसून काढली. हाताला लिंबू चोळलं. ढिवराचा जन्म, पण घरात मासे रांधणंच बंद केलं. तरी कुणी आलं नाही. असे चौदा रविवार गेले. बोलायला भिंत होती, आणि तीही काही बोलत नव्हती.

आता राहणार कुठं, असं पाळकांनी विचारलं. बसस्टँडवर, तो म्हणाला. तिथं असं काय आहे, तेही त्यांनी विचारलं.

"तिथं भुपेंद्र हाये, माह्या बाजूले झोपते," केवळराम म्हणाला. "उठाले उशीर झाला, का हालवून पाहाते. खोलीत मी मेलो, तं तुमाले वास आल्यावरच समजन."

सत्यभामाबाई पलीकडे वेदीवरच्या कापडाची घडी घालत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी पाळकांकडे पाहिलं आणि पाळकांनी जमिनीकडे.

मग पाळकांना सांगावंच लागलं. खोली देण्याच्या आदल्या दिवशी कमिटीनं एक ठराव केला होता. केवळरामच्या घरात मंडळीतल्या कुणीही पाऊल टाकायचं नाही. प्रार्थना नाही, बायबल नाही, चहापाणी नाही. घर देऊन माणूस बाटवला, असं गावानं म्हणू नये. चहाच्या टपरीवर कुणीतरी तसं बोललंही होतं. त्याच्या देवाधर्माला धक्का लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. मंडळीचे बाकीचे ठराव वहीतच झोपा काढतात. हा एक मात्र सगळ्यांनी अगदी डोळ्यांत तेल घालून पाळला.

कारण वास नव्हता, हे ऐकून केवळरामला बरं वाटलं. पण चौदा रविवार कोण परत देणार होतं?

"मले एक डाव विचाराचं होतं जी," तो म्हणाला. "मी म्हटलं असतं, तुमचा देव तुमच्यापाशी, माहा माह्यापाशी. चहा प्याले काय हरकत हाये?"

पाळक ओशाळले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय घेतो, असं म्हणाले. सत्यभामाबाईंनी कापड तसंच टाकलं. बैठक होईल तेव्हा होईल, उद्या सकाळी सात वाजता आपण स्वतः खोलीवर चहाला येतो आणि समोरच्या दारानं येतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

केवळरामचा विश्वास बसेना. पाहुणे आणि गुडघे त्यानं पुष्कळ ऐकले होते.

"अन् नाही आल्या तं?"

सत्यभामाबाई बाकावर बसल्या. त्यांचं चार खोल्यांचं घर अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. मुलगा पुण्याला, मुलगी रायपूरला, हेही ठाऊक होतं. त्या आजवर कुणाशी बोलल्या नव्हत्या अशा आवाजात बोलल्या.

"मी नाही आली, तं समजा मले काही झालं. मंग तुमीच या, दादा. माह्या घरी तरी दुसरं कोण येते पाहाले?"