पंचवीस वर्षांची घडी

"लेखनिक मनस्वीपेक्षा कमी शिकलेला हवा, आणि त्याचा पुरावाही हवा," कॉलेजच्या दिव्यांग कक्षातल्या कीर्ती मॅडमनी पुन्हा बजावलं. अंध मनस्वीने आणलेल्या दोन मैत्रिणी याच अटीत बाद झाल्या होत्या आणि बीएचा शेवटचा पेपर सोमवारवर आला होता. मनस्वीचा चेहरा उतरला. पण तिची आई, नेऱ्याची गुणाबाई, कसली हार मानते! तिने पिशवीतून घड्या पडून पिवळी झालेली मार्कशीट काढली आणि टेबलावर ठेवली.

"पंचवीस वर्सं नवऱ्यालाबी दाखवली नाय. दहावी नापास हाय मी. पन माजं अक्षर बघा, मोत्यासारखं हाय."

मॅडमनी झेरॉक्स काढली आणि 'अनुत्तीर्ण' या शब्दाशेजारीच शिक्का मारला: 'पात्र'.