काचेवरचा डाग

पाहुणे यायच्या आधी नवऱ्याने खिडकीची काच लख्ख पुसली, आणि फडक्यावरची पांढरी-काळी पूड पाहून बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, ती पक्ष्याची शीट नव्हती, पतंग होता! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून दिसतोच तो तसा. अळी होता तेव्हापासून पाला घालून वाढवला होता मी. आजच कोशातून बाहेर आला होता."

"पतंग होता, तर पतंगासारखं दिसायचं की! आणि तुझा हा काय अवतार? चार लोकांत माझी लाज काढू नकोस. जा, जरा माणसासारखी दिस."

बेल वाजली. पाल्याच्या डागांनी भरलेल्या त्याच कपड्यांत तिने दार उघडलं.

"या ना, आत या. ह्यांनी घरातली सगळी घाण पुसून काढलीय. मी तेवढी राहिलेय."