परिषदेचं गाव

बियाण्याच्या कंपनीनं विचारलं होतं, विक्रेत्यांची यंदाची परिषद युरोपात कुठं घ्यायची? व्हिएन्ना, प्राग का लिस्बन?

डोंगरकडा गावातल्या बियाण्याच्या दुकानात मारोतीनं मोबाइल बायकोपुढं धरला. "सांग, कुठं?"

सत्यभामा फोटोंतून हिंडू लागली. दगडी पुलावरून चालली, ट्रामच्या खिडकीशी बसली, नदी समुद्राला मिळते तिथं बराच वेळ उभी राहिली.

"लिस्बन," ती म्हणाली. "येताना तिथला एक शिंपला आणा मला."

"मी काहून आणू? कंपनी मला थोडीच नेऊन राहिली? बोलावणं दुकानाच्या मालकाला हाय."

त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. बारा वर्षं रोज सकाळी ती ज्याला उदबत्ती ओवाळत आली होती, त्या दुकानाच्या परवान्यावर नाव तिचं होतं.