चौकात वाकणारी माणसं

पूर्वी कुणाला उडती तबकडी दिसली, की आमच्या पेपरात फोनवर फोन यायचे. मी कॅमेरा घेऊन धावायचो. आता वर्षानुवर्षं एक फोन नाही.

"ते खूळ कधीच गेलं, साहेब," न्हावी म्हणाला. "मान खाली."

या दुकानात मी पहिल्यांदाच आलो होतो. आरशात मागचा मोकळा चौक दिसत होता; मधोमध एक मोठी गोल सावली पडली होती, वर मात्र काहीच नव्हतं. भर दुपारी जाणारा प्रत्येक जण मधोमध आला की वाकायचा, बुटक्या दारातून जावं तसा. लहान पोरं तेवढी सरळ जायची. एका बापाने तर खांद्यावरचं पोर आधीच खाली उतरवलं.

"हे सगळे वाकतात कशाला?"

कात्री थांबली.

"साहेब, येताना तुम्ही वाकला होतात ना?" त्याने हळूच विचारलं, आणि माझ्या डोक्यावरचा हात झटकन काढून घेतला.