लोण्याचा दोष

तिची बेकरी होती. नवरा अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, तेव्हापासून सासूबाई येईल त्याला सांगत, "हिनेच लोणी चारून चारून माझ्या पोराला मारलं." हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. घरात उकडलेलंच शिजायचं, तरी कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या टाचांमागे गाठी आल्या.

डॉक्टरांनी तिघींचं रक्त तपासलं. "या गाठी साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या आहेत. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घेणारं एक प्रथिन यकृतात असतं. मुलीमध्ये ते जन्मापासूनच कमी आहे. आजींकडून हे तुमच्या मिस्टरांकडे गेलं, आणि त्यांच्याकडून हिच्याकडे."

"म्हणजे मी खाऊ घातलं म्हणून नाही?"

"नाही. खाण्याने फार तर थोडी भर पडते. हिला मात्र गोळ्या घ्याव्या लागतील."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी तुला नाही नाही ते बोलले गं. चुकलं माझं."

या एका वाक्यासाठी ती वर्षानुवर्षं झुरली होती.

 

तिने नुसती मान हलवली आणि डॉक्टरांना विचारलं, "हिच्या गोळ्या आजपासूनच सुरू करू ना?"