टबातलं पाणी पितं कोण?

अकरा मिलिमीटर. हॅटीने डोळे बारीक करून पट्टी पुन्हा वाचली. अकराच. दिवसभर गवताचं पातं हललं नव्हतं, ऊन बेताचं, उपसागरावर बर्फ अजून तसाच; आणि टबातलं पाणी अकरा मिलिमीटर खाली. आता काय म्हणावं याला? पाण्यावर तरंगणारं एक पीस उचलून तिने फेकून दिलं. पिसांचं काय, मे महिन्यात इथे ती चहातसुद्धा सापडतात.

हा रुंद पत्र्याचा टब खाऱ्या दलदलीत मांडला होता जोसलीनने. ती विद्यापीठातली मुलगी. थंड मुलखातल्या किनाऱ्यावरच्या पाणथळीतून किती पाणी हवेत उडून जातं, ते तिला मोजायचं होतं. टबात गोडं पाणी भरायचं आणि रोज संध्याकाळी किती उतरलं ते वहीत लिहायचं. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती कुंपण. काम हॅटीकडे आलं, कारण चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं माप कधी चुकलं नव्हतं.

हॅटीला त्या टबाची गोडीच लागली. जमिनीकडून कोरडा वारा आला की पाणी भराभर उतरायचं. बर्फावरून ओला गार वारा आला की ढिम्म हलायचं नाही. वारा पडला तर उतरावं दोनतीन मिलिमीटर, असं जोसलीनचं गणित सांगायचं. आणि नेमका वारा पडलेल्या दिवशीच टब सगळ्यात जास्त रिकामा व्हायचा. आजची नववी वेळ.

आधीच्या आठ दिवसांवर जोसलीनने मागच्या आठवड्यात पेन्सिलीने काट मारली होती. वयामुळे होतं असं कधीकधी, म्हणाली, आणि जून लागला की यंत्र बसवू. अगदी गोड आवाजात. ते हॅटीच्या जिव्हारी लागलं. काम गेल्याचं तिला काही नव्हतं, पण आपण लिहिलेलं खोटं ठरणार? भाची म्हणाली, तीन लिहून टाक, कोण बघायला येतंय? हॅटी तिच्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती वहीतल्या तारखा बघत बसली, आणि चहा तसाच राहिला. नऊच्या नऊ दिवस शिकार बंद होती.

गावातल्या रानहंसांच्या शिकारीचा म्होरक्या म्हणजे तिचा थोरला भाऊ गिडियन. वारा नसला की बंदुकीचा बार पार खाडीपलीकडे ऐकू जातो आणि रानहंस बिथरतात. म्हणून अशा दिवशी गिडियन गोळी झाडू द्यायचा नाही, संध्याकाळपर्यंत दलदलीत पाऊलही टाकू द्यायचा नाही. सगळे तळावर पत्ते कुटत बसायचे. आणि गिडियन स्वतः? तो दुपारभर गायब. गोड्या पाण्याचा झरा तळापासून लांब, आणि दादाला तर चहा लागतो किटली किटली. म्हणजे पाणी नेणारा दादाच! सख्खा भाऊ!

वारा पडायची तिने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दुपारी ती दलदलीत शिरली. वाळुंजाच्या झुडपाआड गिडियन बसलेला होता. किटली नाही, बादली नाही.

"वाक," तो पुटपुटला. "सगळ्यांना मनाई आहे, तुला वेगळं सांगायला हवं का?"

"माझं पाणी चोरतोस तू."

गिडियनने नुसती हनुवटी पुढे केली. टबाच्या कुंपणात चाळीसेक रानहंस दाटीवाटीने उतरले होते. मैलोन्मैल खारट पाणी, आणि मध्ये हा एक गोड्या पाण्याचा टब. काही पीत होते, काही आत बसून पंख धूत होते, बाकीचे मान उंच करून आपली पाळी बघत होते. हॅटी कितीतरी वेळ बघत राहिली. तिला हसू आलं आणि रडूही.

"तुला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीस?"

"तू वर जाळी घातली असतीस."

गुरुवारी जोसलीन आली. हॅटीने वही पुढे केली. वारा, ऊन, पाऊस, या रकान्यांशेजारी तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता: हंस. जोसलीन आधी हसली. मग तिने आपल्या वाऱ्याच्या नोंदी काढून एकेक तारीख ताडून पाहिली, आणि हसायची थांबली. टबाशेजारी जाळी घातलेला दुसरा टब मांडायचा, असं तिचं तिनेच ठरवलं. मग खोडरबर मागून घेतलं आणि त्या आठही दिवसांवरची काट एकेक करून पुसली.

"आजी, मला पण बघायचंय," ती म्हणाली. "हवामान खात्याचं यंत्र म्हणतंय शनिवारी वारा पडेल. शनिवारी जाऊ या?"

"यंत्राचं राहू दे," हॅटी म्हणाली. "दादाला विचार."